मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, वेळ आणि थांबा (आई-बाबांसाठी मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,
आई-बाबा मे महिन्यात ताईकडे न्यू जर्सीला जाणार आहेत. पहिलाच परदेशप्रवास, तोही दोघांनीच. दोघं सत्तरीच्या घरात, बाबा इन्सुलिनवर, आईचे गुडघे दुखतात. तिकिटं अजून काढायची आहेत.

मुंबई–न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किमी दिसतंय. थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास, येताना साडेचौदा. अंतर तेच असून हा फरक का? दुबई किंवा लंडनवरून गेलं तर फेरा किती पडेल? शिवाय रात्री २ ला निघून त्याच तारखेला सकाळी साडेआठला पोचायचं, हे बाबांना काही केल्या पटत नाहीये.

प्रतिसाद १
फरक वाऱ्याचा. उंचावर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे आपल्या कंपन्यांचे जुने वेळ धरून चालू नका.
बाबांना हिशेब असा सांगा: २ अधिक १६ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे ६. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, म्हणून तिथे साडेआठ. नोव्हेंबरपासून साडेदहा तासांचा फरक धरायचा.

प्रतिसाद २
फेऱ्याचं म्हणाल तर गंमत आहे. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५० किमी, म्हणजे जेमतेम २००-२५० किमी जास्त! दुबईवरूनही चारशेच्या आसपासच वाढतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे दिसत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो युरोपवरूनच जातो. वेळ खातो तो थांबा. त्यामुळे किलोमीटर सोडा, तिकिटावरचा एकूण प्रवासवेळ बघा.

प्रतिसाद ३
गुडघे दुखत असतील तर सलग १६ तास मी तरी बसवणार नाही. अबू धाबीचा विचार करा. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग नाही. मात्र दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर पहिलं विमान लेट झालं की दुसरं बुडालं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, दोघांसाठीही. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. डोसच्या वेळा घड्याळ बदलल्यावर कशा सरकवायच्या हे डॉक्टरांनाच विचारा, इथे कुणाचं ऐकू नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. अबू धाबीचं बघतो. एक राहिलं: १२ तारखेचं पहाटे २ चं विमान असेल तर साताऱ्याहून कधी निघायचं?

प्रतिसाद १
११ ला दुपारी! रात्री साडेदहापर्यंत विमानतळावर हवेत. वाशीच्या पुढची गर्दी धरूनच गाडी सांगा.