'गरुडध्वज' की 'गरुडकाठी'?

रोमन सेनानी मार्क अँटनीच्या चांदीच्या नाण्यावर, डिनेरियसवर, टिपण लिहिते आहे. इ.स.पू. ३२-३१ मध्ये, प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियनशी युद्ध जुंपलं तेव्हा, फौजेचा पगार भागवायला त्याने ही नाणी पाडली. एका बाजूला वल्ह्यांचं लढाऊ जहाज. दुसरीकडे मधोमध गरुड, दोन्ही अंगांना एकेक निशाण, आणि 'लेग' या अक्षरांपुढे एकेका लीजनचा, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या तुकडीचा, क्रमांक. या गरुडाला, 'अक्विला'ला, मी 'गरुडध्वज' लिहिलं, पण खटकतंय. काय लिहावं?

— खटकणारच. गरुडध्वज म्हटलं की विष्णू आठवतो. शिवाय ध्वज, झेंडा, निशाण, काहीही म्हणा, डोळ्यांपुढे कापड फडकतं. अक्विला म्हणजे काठीच्या टोकावर बसवलेला धातूचा पक्षी. नाणं भिंगाखाली धरा: शेजारच्या दोन काठ्यांवर एकाखाली एक ओवल्यासारख्या गोल चकत्या दिसतील.

— आपल्याकडे माहीमरातब होताच की, काठीवरचा धातूचा मासा! पण तो बादशहाने सरदाराला दिलेला बहुमान. गरुड अख्ख्या लीजनचा. मी 'गरुडकाठी' सुचवेन. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गावोगावच्या सासनकाठ्या येतात, तिथे मान त्या काठीलाच असतो.

— पण ताई, सासनकाठी देवाची. इथे तर फौज आहे.

— दादा, छावणीत या काठ्यांसाठी वेगळं देवघर असे, त्यांची पूजा होई. गरुड शत्रूच्या हाती पडणं ही सगळ्यांत मोठी बेअब्रू. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हेला लढाई हरून रोमन सेनापती क्रासस मारला गेला, गरुड इराणच्या पार्थियनांकडे गेले. ते सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटी करून परत मिळवले आणि त्यावरही नाणी पाडली: 'सिग्निस रेसेप्टिस'. याचं भाषांतर 'झेंडे परत मिळाले' असं केलं, तर त्यातलं दैवतच निघून जातं.

— पटलं. आणि डिनेरियसला सरळ 'दीनार' म्हणू का? शब्द तिथूनच आलाय ना?

— तिथूनच, मूळ लॅटिन 'देनी', दहा-दहा. सुरुवातीला एका डिनेरियसचे दहा 'अस', म्हणजे कमी किमतीची नाणी, होत. पण आपल्या गुप्तकालीन लेखांतला दीनार सोन्याचा. चांदीच्या नाण्याला तो शब्द लावलात तर वाचक फसेल. डिनेरियसच ठेवा.

— ठेवते. मग वाक्य असं: 'मधोमध लीजनची गरुडकाठी, दोन्ही अंगांना चकत्यांच्या काठ्या.'