इंदूरचा राजवाडा चौक आणि अहिल्याबाई

प्रश्न : अहिल्याबाई होळकरांनी कारभार महेश्वराहून पाहिला, तर त्यांचा पुतळा इंदूरच्या राजवाड्यासमोरील उद्यानात का आहे?

प्रतिसाद १ : महेश्वर ही त्यांची राजधानी होती हे खरे, परंतु इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि साहजिकच घराण्याच्या स्मृतीही याच चौकाभोवती एकवटल्या. राजवाडा मात्र त्यापूर्वीचा, मल्हाररावांच्या काळातला आहे.

प्रतिसाद २ : पुतळ्याकडे पाहून झाल्यावर मागे वळून वाड्याचे सात मजले अवश्य न्याहाळावेत, कारण खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी आहेत, १९८४ च्या आगीत वाड्याची मोठी हानी झाली ती त्यामुळेच.

प्रश्नकर्ता : आभार. आता महेश्वरचा घाटही पाहीन.