हायवेचं खरवडलेलं डांबर घराच्या रस्त्याला चालेल का?

रानातलं_घर (बार्शी): गावरस्त्यापासून वस्तीपर्यंत आमचा 120 फूट रस्ता, 10 फूट रुंद. सगळी काळी माती. पावसाळ्यात गाडी वर लावायची आणि चपला हातात घेऊन घरी यायचं. सध्या हायवेचा वरचा थर मशीननं खरवडणं चाललंय. डंपरवाला म्हणतो, भाडं द्या, माल आणून टाकतो. मातीवरच पसरून टाकू का? किती लागेल?

साईटवरचा: मातीवर टाकाल तर पहिल्या पावसात पैसे चिखलात. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हात भेगाळते, वरचा थर तिच्यासोबत हलतो. आधी वीतभर माती काढा, 8 इंच मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा. त्यावर 4 इंच हा माल. तुमच्या मापानं दबून 4 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) होतो, म्हणजे सुटा 5 ब्रास मागवा. नारळाएवढी ढेकळं आली तर बाजूला काढा, ती दबत नाहीत. मधला भाग थोडा उंच ठेवा, कडेनं चर काढा. आणि हो, माल ठेकेदाराकडून पावतीवर घ्या, डंपर अडवला तर दाखवायला काहीतरी हवं.

बांधावरून: वरून डिझेल शिंपडा. माल मऊ होतो, चिकटतो. आमच्याकडे असंच करतात.

साईटवरचा: दादा, डिझेलनं डांबर विरघळतं. चार दिवस चिकटल्यासारखं वाटेल, मग खडी सुटी. शिवाय ते मातीत मुरतं. या मालात जुनं डांबर आहेच, त्याला ऊन लागतं. एप्रिल-मे, दुपारी बारा ते तीन, तेव्हाच रोलर. रोलरच्या ड्रमवर पाणी सोडत राहा, नाहीतर माल ड्रमलाच चिकटून वर येतो.

माळावरची: आम्ही दोन वर्षांपूर्वी केलं. रोलरचे पैसे वाचवायला ह्यांनी ट्रॅक्टरच फिरवला. चाकं जिथून गेली तिथं दोन नाल्या, मधे उंचवटा. पावसात नाल्यांत पाणी साठलं, शेवटी रोलर आणावाच लागला. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी डांबराचा वास यायचा, आणि सासूबाईंच्या चपलांचे काळे ठसे ओसरीच्या शहाबादी फरशीवर. रॉकेलनं पुसले. आता मात्र दूधवाल्याची गाडी थेट गोठ्यापर्यंत येते.

रानातलं_घर (बार्शी): विहीर त्याच अंगाला आहे, म्हणजे डिझेल बाद. मुरमाचं उद्या विचारतो. फरशी आमच्याकडेही शहाबादीच आहे, आईला आधीच सांगून ठेवतो. रोलर तासावर मिळतो का दिवसावर?

साईटवरचा: तासावर देणारे असतात, पण आणण्या-नेण्याचं भाडं वेगळं. मुरूम आणि हा माल एकाच दिवशी दाबायचं जमवा, म्हणजे ते भाडं एकदाच.