पाण्यात विरघळणारा राखाडी थरांचा दगड: हा शेलच का?

प्रश्न
कड्याच्या पायथ्याशी राखाडी, पापुद्रे सुटणारा दगड मिळाला. माती निघावी म्हणून रात्रभर पाण्यात ठेवला, तर सकाळी नुसता चुरा. शेजारचा तसाच दिसणारा तुकडा मात्र जसाच्या तसा राहिला. दोन्ही शेलच, म्हणजे चिखलाचा गाळ घट्ट होऊन बनलेला थरांचा खडकच, असतील का? जवळ फक्त हातोडी आणि दहापट भिंग आहे.

उत्तर १ (थरवाचक)
रंगावर जाऊ नका, तो फसवतो. तुकडा कडेवर उभा धरून छिन्नीने हलकेच फोडा. थरांना समांतर पातळ चकत्या निघाल्या तर शेल, वाटेल तसे गठ्ठे फुटले तर पंकाश्म (चिखलाचाच, पण थरांत न फुटणारा खडक). मग साबूदाण्याच्या दाण्यापेक्षाही लहान कण पुढच्या दातांत धरा आणि थुंकून टाका. लोण्यासारखा मऊ लागला तर मुख्यतः चिकणमाती. कचकचला तर त्यात सिल्ट (चिकणमातीहून जाड, वाळूहून बारीक गाळ) आहे. भिंगातून चिकणमातीचे कण दिसणारच नाहीत, कारण ते सुमारे ०.००४ मिमीपेक्षा बारीक असतात. काळ्या दगडावर पिवळट-पांढरी पूड असेल तर हा प्रयोग करू नका, ती आम्ल तयार होत असल्याची खूण असू शकते.

पाटीचा दगड नाही ना, हेही बघा. तो ठोकल्यावर खणखणतो, शेल बद्द वाजतो. पाटीचा दगड दाबामुळे ज्या प्रतलावर फुटतो ते मूळ थरांना बऱ्याचदा तिरकं असतं. फुटलेल्या पृष्ठावर रंगाचे पट्टे आडवे गेलेले दिसले तर शेल नव्हे.

उत्तर २ (मृत्तिका)
पाण्याचं कोडं असं आहे. वाळलेल्या शेलच्या छिद्रांत हवा असते. पाणी सगळीकडून आत शिरतं, हवा कोंडते, दाबली जाते आणि दगडाला आतून फोडते. त्यात स्मेक्टाइट हे मृत्खनिज असेल तर तेही पाणी पिऊन फुगतं. दुसऱ्या तुकड्यात कणांना बांधणारं कॅल्साइट (चुनखडकातलं खनिज) किंवा सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) जास्त असावं. चाकूने थोडी भुकटी खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंगातून बुडबुडे पाहा. आले तर कॅल्साइट. म्हणजे दोन्ही शेल असू शकतात, बांधणी वेगळी.

प्रयोगशाळेत हेच मोजतात: ४०–६० ग्रॅमचे १० तुकडे भट्टीत वाळवून २ मिमी जाळीच्या पिंपात, अर्धवट पाण्यात, मिनिटाला २० फेऱ्यांनी १० मिनिटं फिरवतात. पुन्हा वाळवून दुसरी फेरी घेतात. उरलेलं वजन मूळ वजनाच्या किती टक्के, तो टिकाऊपणाचा आकडा.

उत्तर ३ (गाळ ते खडक)
थरवाचकांच्या पहिल्या कसोटीला एक पुरवणी, आणि ती महत्त्वाची आहे. पापुद्रे सुटणं बरंचसं झिजेवर अवलंबून असतं. विंधनविवरातून काढलेला तोच थर अखंड गठ्ठा असतो आणि उघड्यावर काही दिवसांत त्याच्या चकत्या होतात. उघडा पडलेला एकच तुकडा पाहून नाव देऊ नका, जमलं तर आतला ताजा भागही फोडून बघा.

नमुना ठेवायचा तर पाणी नकोच. कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओला सापडला असेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि हळूहळू वाळू द्या; उन्हात ठेवलात तर तडे जातील. काळ्या शेलमध्ये पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर दमट हवेत त्याचं गंधकाम्ल बनतं, ते खोक्याचा कागद आणि शेजारचा चुनखडक दोन्ही खातं. असा नमुना वेगळ्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.