घरात परवान्याची बंदूक असेल, तर आरोग्यसेविकेने विचारावे का?

प्रश्न (आरोग्यसेविका, सत्तरी तालुका, गोवा)
आमच्या भागात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे आहेत. गेल्या महिन्यात बाळाचे लसीकरणाचे कार्ड पाहण्यासाठी एका घरी गेले, तेव्हा बंदूक मधल्या खोलीत दारामागे टांगलेली होती आणि काडतुसे देवघराच्या फळीवर बिस्किटांच्या डब्यात होती. घरधनी अलीकडे रोज पितो. निघताना त्याची बायको अंगणापर्यंत माझ्यामागे आली आणि हळूच म्हणाली, "निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, तेवढेच दिवस मला झोप लागते." रक्तदाब, गरोदरपण यांची विचारपूस कशी करावी हे मला शिकवले आहे, बंदुकीबद्दल विचारणे माझ्या कामात बसते का?

उत्तर (निवृत्त अध्यापक, सामाजिक वैद्यकशास्त्र, फोंडा)
ताई, नक्कीच बसते. क्षयरोग आणि एड्सच्या साथींवर काम केलेले डॉ. गॅरी स्लटकिन यांनी २००० साली शिकागोच्या वेस्ट गारफील्ड पार्क वस्तीत गोळीबाराकडे साथरोगासारखे पाहायला सुरुवात केली. एका गोळीबाराचा सूड म्हणून दुसरा होण्याआधीच त्याच वस्तीतील, लोकांच्या ओळखीची माणसे मध्ये पडून वाद शमवतात, हा त्या कामाचा गाभा. सगळीकडे यश सारखे मिळाले नाही, हेही सांगायला हवे. आपल्याकडे टोळीयुद्ध नाही, म्हणून हे आपल्या उपयोगाचे नाही असे मात्र समजू नका. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. दारू, खचलेले मन आणि हाताशी भरलेली बंदूक एका छपराखाली आली की विचार बदलायला अवधीच उरत नाही. तो अवधी मिळवून देणे हे आरोग्याचेच काम आहे.

उत्तर (समुपदेशक, बार्देश)
सुरुवात बंदुकीपासून करू नका. झोप, जेवण, मग दारू, आणि बोलणे मोकळे झाले की "घरात लहान मूल आहे, काडतुसे कुठे ठेवता?" असे विचारा. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांशी संवाद साधून घेतला आणि त्याचा उपयोग झाल्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तेव्हा हे आपल्याला जमणार नाही असे मनात आणू नका. बायकोने तुम्हाला काय सांगितले, हे नवऱ्याला कोणत्याही परिस्थितीत कळता कामा नये. माणूस जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नका, लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावरही मदत मिळते. एकटीने मात्र जाऊ नका. अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरात असेच मध्ये पडून वाद शमवणाऱ्या 'सेफ स्ट्रीट्स' उपक्रमाचे तीन कार्यकर्ते जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात गोळीबारात मारले गेले, आणि ते तर अनुभवी होते.

उत्तर (बागायतदार, सांगे)
माझ्याकडेही परवान्याची बंदूक आहे. एका रात्रीत डुकरांनी वर्षाचे कंद उकरून टाकलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे बंदूकच नको असे कोणी सांगितले तर मी पुढचे ऐकणार नाही. सोबत हवालदार आला, तर दारही उघडणार नाही. पण बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा आणि किल्ली न पिणाऱ्या माणसाकडे द्या, असे आमच्या मुलांना डोस देणाऱ्या बाईंनी सांगितले, तर ते मी मानीन. भावाच्या आजारपणात आमच्या घरातील किल्ली चार महिने आईच्या कमरेला होती.

प्रश्नकर्ती
आपल्या सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवारी त्या बाळाचा पुढचा डोस आहे. अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन जाईन आणि आधी घरधन्याच्या झोपेची चौकशी करीन.