मदत हवी आहे : हॅवलॉकमध्ये आईला स्नॉर्कलिंग आणि शाकाहारी जेवण

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आम्ही चौघं अंदमानला जातोय. सेल्युलर जेल बघायचं आईच्या मनात कितीतरी वर्षांपासून आहे, ते पहिल्याच दिवशी करू. अडलंय ते हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, एका दिवसापाशी.

सकाळी जेट्टीवरून बोटीने एलिफंट बीचला जाऊन स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं, करायचं आहे. आई ६३ वर्षांची आहे, तिला पोहता येत नाही, पण प्रवाळ डोळ्यांनी बघायची तिची फार इच्छा आहे. लाइफ जॅकेट आणि रिंग धरून, सोबत गाइड असताना तिच्या वयाच्या कुणी हे केलंय का? नाकाऐवजी तोंडाने श्वास घेणं तिला जमेल का, हीच मला मोठी काळजी. घरी बादलीत मास्क लावून सराव करून घेतला तर उपयोग होईल का? मुलाला चष्मा आहे, मास्कच्या आत तो बसत नाही. नंबरचा मास्क इथूनच करून न्यावा का?

निघण्यापूर्वी खायला काय द्यावं? बोट लागते तिला. उपाशीही ठेववत नाही, पोटभर पोहेही नकोत.

दुपारी गोविंदनगरच्या बाजारात मासे सगळीकडे मिळतील, पण आई पूर्ण शाकाहारी आहे. साधा वरणभात कुठे मिळाला, नक्की सांगा. तिथे सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो, म्हणून जेवून लगेच राधानगरच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघायचं आहे. वेळ पुरेल ना?