वाड्याची मंडळी: ‘फेब्रुवारीत गावाला या’

तात्या (गाव): सगळ्यांना सांगणं. फेब्रुवारी 2027 ला जनगणनेची माणसं दारात येणार. पुणं, मुंबई, कोल्हापूर, सगळ्यांनी रजा काढून या आणि नावं गावात लावा. आपण 1500 च्या काठावर हाय. खाली घसरलो तर ग्रामपंचायतीचं 9 मेंबर हाईत त्याचं 7 हुतील.

दादा (पिंपरी): तात्या, रेशनकार्डावर नाव गावातच हाय की अजून.

गुरुजी काका (फुलेवाडी): रेशनकार्डाचा संबंध नाही रे. 2011 ला मी प्रगणक होतो. माणूस राहतो तिथं मोजायचा. दोन्हीकडं नाव लावायचं नाही.

पिंटू (फुलेवाडी): पण लोकसंख्या कमी कशी होईल? कोल्हापूर जिल्हा तर वाढलाच ना?

गुरुजी काका: वाढला की. 2001 ला 35,23,162, 2011 ला 38,76,001. पण करवीर, हातकणंगले, इचलकरंजी बघ आणि आपलं भुदरगडचं डोंगराकडचं बघ. तुझ्या बापानं कोल्हापुरात फुलेवाडीत फ्लॅट घेतला, तो त्या वाढीतलाच.
आणि मोजणी फेब्रुवारीत, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात. 2011 ला ओढ्याकडंच्या पट्टीत बीडकडच्या टोळीच्या खोपी होत्या. पहाटे ती माणसं फडात जायची, म्हणून मी बॅटरी घेऊन अंधार पडल्यावर गेलो. एका बाईला पोराचं वय विचारलं. म्हणाली, "मागल्या साली ह्याच पट्टीत झाला." तेवढ्यावरून वय लिहिलं.

दादा (पिंपरी): म्हणजे गावचं पोरगं पिंपरीत आणि बीडचं पोरगं गावात 😄

तात्या: हसू नगं. रानात कोण उतरणार? जंगलाकडचा भुईमूग गवा ठेवत न्हाई. तीन वर्सं पड हाय ती पट्टी.

वैनी (गडहिंग्लज): नुसता गवाच कारण का? गावात राहणाऱ्या पोराला मुलगी कोण देतंय ते विचारा. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागं 839 मुली होत्या. त्या पोरी आज पंचवीस-तिशीच्या झाल्या असत्या. आता सगळे म्हणतात, स्थळंच येत नाहीत. येतील कुठनं?

तात्या: 🙏

पिंटू: तात्या गप्प झाले.

आक्का (गाव): बोलून टाईप करती, चुका झाल्या तर समजून घ्या. मोजायला सरकार कशाला पायजे. वाड्यापास्नं देवळापातूर अकरा दारं. चारास्नी कुलूप. दोन घरांत एकेक म्हातारी, त्यातली एक मी. 1982 ला गिरण्यांचा संप झाला तवा तुमचं आबा आणि दोन दीर परळची खोली सोडून परत आलं. एका चुलीवर एकोणीस माणसं. बायकांची पंगत उठायला तीन वाजायचं. मला तवा वाटायचं, कवा एकदा ही माणसं कमी हुत्यात.

आक्का (गाव): आता तीन भाकरी थापती. एक कुत्र्याला.

काकू (डोंबिवली): आक्का 😢 या की इकडं चार महिने.

आक्का (गाव): आणि हिथलं दार? पाचवं कुलूप?

गुरुजी काका: तात्या, मेंबर 7 झाले म्हणून काही बिघडत नाही. शाळेचं बघा. पट 20 च्या खाली गेला की दर साली बंद करायची चर्चा निघते.

तात्या: शाळंत पोरं आणणार कुठनं गुरुजी? तुमची नातवंडं कोल्हापुरात इंग्रजी शाळंत.

गुरुजी काका: ते खरं आहे.

दादा (पिंपरी): फेब्रुवारीत रजा नाही मिळणार. मार्चएंडचं काम.

आक्का (गाव): फेब्रुवारीचं र्‍हाऊ दे. म्हाईच्या जत्रंला किती जण येणार तेवढं सांगा. मटणाचा आकडा द्यायचा हाय.

पिंटू: आम्ही चौघं.

दादा (पिंपरी): आम्ही पाच. सासरेपण येतायत.

काकू (डोंबिवली): सात. रात्री राहणार.

आक्का (गाव): वाकळा उन्हात घालती.